अक्षयनीवी

नाशिकच्या इंदिरानगरातील आमच्या घराच्या गच्चीवर उभे राहिले म्हणजे, मधल्या काळात उगवलेल्या इमारतींनी शिल्लक ठेवलेल्या एका अरुंद फटीतून, त्रिरश्मी डोंगराचा माथा अद्याप दिसतो. आणि खाली बोगद्यापाशी वाहनांची कोंडी झालेली असताना, जॉगिंग ट्रॅकवर माणसे घाईघाईने फेऱ्या पुऱ्या करीत असताना, तो डोंगर मात्र आपल्या अंगावरील चोवीस लेण्यांसह असा स्वस्थ बसलेला असतो की, काळ मोजण्याचे त्याचे मापच निराळे असावे असे वाटते. याच गच्चीवर गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस अकरा विद्यार्थी सतरंजीवर गोल करून बसले होते. शहरातील एका लहानशा कलादालनात, दोन प्रदर्शनांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत, एक नाट्यप्रयोग करण्याची परवानगी त्यांना मिळाली होती, आणि त्यांची जुनी शिक्षिका म्हणून त्यांनी मला सोबतीस बोलावले होते.

परवानगीच्या कागदावर शर्ती चार होत्या: भिंतीत नवा खिळा ठोकू नये, रंग लावू नये, फरशीवर काही चिकटवू नये, आणि दालन जसे मिळाले तसे परत करावे. मुलांना त्या जाचक वाटल्या. एकांकिका स्पर्धेसाठी बसवलेली एक संहिता त्यांच्याजवळ तयार होती. पहिल्या दिवशी त्यांनी ती तशीच दालनात नेऊन उभी केली, आणि अर्ध्या तासात तिचा जीव गुदमरला. विंगा नव्हत्या, म्हणून बाहेर गेलेले पात्र बाहेर जातच नव्हते. छतालगतच्या झरोक्यांतून दिवसाचा उजेड अखंड उतरत होता, म्हणून अंधार करून प्रवेश संपविण्याची सोय नव्हती. आणि उघड्या भिंतींवर आदळून परतणारा प्रत्येक शब्द पुढच्या शब्दावर चढून बसत होता. दुसऱ्याच्या अंगाच्या मापाने शिवलेला अंगरखा कितीही उंची कापडाचा असला तरी आपल्या खांद्यावर बसत नाही, तशीच त्या एकांकिकेची गत झाली.

मला त्या रात्री झोप आली नाही, आणि विचार करता करता जे उमगले ते असे. नाट्यगृहात शिरणारा मनुष्य आपला वेळ नाटककाराच्या स्वाधीन करतो. नेमून दिलेल्या खुर्चीवर बसतो, दिवे मंदावले की बोलणे थांबवतो, आणि मध्यंतर होईपर्यंत स्वतःच्या पायांवरचा हक्क आपखुषीने सोडतो. कलादालनात तोच मनुष्य वेळेचा मुखत्यार असतो. एका चित्रापुढे पाव मिनिट, दुसऱ्यापुढे पाव तास, तिसऱ्याकडे पाठ, असा तो आपल्या मर्जीने हिंडतो. आणि तरीही चित्रापासून हातभर दूर राहण्याचा व कुजबुजीहून मोठ्याने न बोलण्याचा अलिखित कायदा, कोणी न सांगता, पाळीत असतो. अशा माणसाला खुर्चीत जखडून ठेवण्यापेक्षा त्याच्या हिंडण्याला आणि त्याच्या मौनालाच नाटकाचे अंग करून घेणे हे अधिक सुज्ञपणाचे, आणि अधिक सभ्यपणाचेही.

हा मार्ग नवा नाही. आमच्याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आदिवासी गावांत बोहाडा या उत्सवाची सोंगे टेंभ्यांच्या उजेडात गावाच्या वाटेनेच नाचत येतात, आणि त्यांना त्या वाटेवाचून दुसरा रंगमंच ठाऊक नसतो. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रयोग सुरू केले, तेव्हा प्रेक्षक आणि नट यांच्यामधले अंतर इतके थोडे उरले की, मोठ्या रंगमंचासाठी घडवलेला आवाज आणि हातवारे तिथे आपोआप लहान, आणि म्हणून खरे, होऊ लागले. पुण्यात १९२५ साली जन्मलेल्या दिग्दर्शक इब्राहिम अल्काझींनी १९६३ मध्ये ‘अंधा युग’ हे नाटक दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत उभे केले, तेव्हा कुरुकुलाच्या विध्वंसासाठी नेपथ्य रंगविण्याची गरज उरली नाही. आणि याच अल्काझींनी पुढे १९७७ मध्ये दिल्लीत ‘आर्ट हेरिटेज’ हे कलादालन काढले, हा मला नुसता योगायोग वाटत नाही. ज्याला जागेचे बोलणे ऐकू येते, त्याला नाटक आणि चित्र ही सख्खी भावंडे वाटणारच. १९९२ मध्ये मुंबईच्या केमोल्ड दालनात चित्रकार नलिनी मलानी यांनी थेट भिंतींवर चित्रे काढली, आणि प्रदर्शनाची मुदत संपताच ती पुसून टाकली; चित्राने नाटकाचे क्षणभंगुरत्व आपणहून पत्करले त्याचा हा दाखला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही संहिता बाजूला ठेवली. प्रत्येकाने दालनात एक जागा निवडावी, तासभर तिथे मुक्याने बसावे, आणि जे दिसेल, जे ऐकू येईल, त्याची नोंद करावी, एवढाच नेम. कोणी लिहिले की जड वाहन गेले म्हणजे दाराची काच थरथरते. कोणी, झरोक्याचा उजेड चार वाजता भिंतीवरून खाली सरकू लागतो. जिला आजवर प्रत्येक नाटकात दोन वाक्यांपलीकडे वाट्याला आले नव्हते अशा एका मुलीने आपली वही उघडून एकच ओळ वाचली: “उत्तरेच्या भिंतीवर त्रेसष्ट खळगे आहेत.”

आम्ही सारे त्या भिंतीशी गेलो. समोरून ती कोऱ्या कागदासारखी शुभ्र होती. परंतु बाजूला उभे राहून तिरप्या उजेडात पाहिले, तेव्हा खिळे उपटल्यावर उरलेली आणि लांबी भरून बुजवलेली छिद्रे एकेक करून वर आली. कुठे लांबी पिवळसर पडली होती, कुठे करडी. काही ठिकाणी ती किंचित फुगली होती, काही ठिकाणी आत बसली होती. आणि एका मोठ्या खळग्यात भरणाऱ्याच्या अंगठ्याच्या रेषा, ओल्या मातीत पाखराचे पाऊल उमटावे तशा, वाळून राहिल्या होत्या.

दालनाच्या रखवालीस असलेल्या गृहस्थांना मुले पहिल्या दिवसापासून मामा म्हणत. “मामा, हे कोणी भरलं?”

“मीच की. प्रदर्शन उतरलं की दुसऱ्या दिवशी भरायचं. हा अंगठा माझाच.” आणि मग, कोणी आग्रह न करता, ते सांगत गेले. या मोठ्या खळग्यात एका बाईंनी आपल्या दिवंगत नवऱ्याने रंगवलेला घाट लावला होता. पाचही दिवस पाऊस कोसळत होता आणि फारसे कोणी फिरकले नाही. बाई मात्र रोज वेळेवर येत, खुर्ची त्या चित्राकडे वळवून बसत, आणि शेवटच्या दिवशी त्यांनी मामांसाठी घरून थालीपीठ आणले होते. त्या खालच्या चार खळग्यांवर शाळकरी मुलांची चित्रे होती, मुलांच्या नजरेच्या उंचीवर मुद्दाम लावलेली. मामांना चित्रकारांची नावे आठवत नव्हती. चित्रे आठवत होती. ती भिंत म्हणजे एक दप्तर होते, आणि त्याचा कारकून आमच्यासमोर उभा होता.

त्या रविवारी मी मुलांना त्रिरश्मीच्या लेण्यांवर नेले. संरक्षित वास्तूत तालीम करणे अनुचित, म्हणून आम्ही केवळ पाहावयास गेलो. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. वर्ष ४२ च्या वैशाखात त्याने हे लेणे संघास दिले, आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची कायम ठेव, जिला तो अक्षयनीवी म्हणतो. गोवर्धन येथल्या, म्हणजे ज्याचे नाव नाशिकच्या पश्चिमेकडील एका गावाने आजतागायत जपले आहे तिथल्या, विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा एक या दराने, आणि दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने ठेवले. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे. वाणिज्य शाखेच्या एका मुलाने तिथेच बोटांवर हिशेब केला: दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाला २४०, भागिले वीस, बरोबर बारा. “जुळतंय, मॅडम!” तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की, त्याचा आवाज विहारातून फिरून परत आला. आणि त्या लेखातली मुख्य शर्त अशी की, मुद्दल परत घ्यावयाचे नाही; भोगावयाचे ते फक्त व्याज. हे सारे नगराच्या सभेत वाचून दाखवून फलकावर नोंदवले, असेही तो लेख सांगतो.

उतरताना कोणी फारसे बोलले नाही. डोंगराच्या पायथ्याशी ती वहीवाली मुलगी म्हणाली, “म्हणजे ती भिंत आपलं मुद्दल आहे.”

मला जे सांगावयाचे होते ते तिने सांगून टाकले. ज्या जागेसाठी नाटक रचावयाचे, ती जागा पूर्वी कोणी कोणी ठेवून गेलेली ठेव असते. तिच्यात इतरांची दुःखे, उत्सव, दुपारचा उजेड आणि अंगठ्यांचे ठसे जमा असतात. ते मुद्दल मोडून स्वतःचे वैभव उभारणारे नाटक कितीही दिपवणारे असो, ते उधळपट्टीच करते. आणि ज्याने व्याजावर गुजराण केली, जाताना ठेव पुढच्यासाठी तशीच ठेवली, तेच त्या जागेचे नाटक. कागदावरच्या चार शर्ती मुलांनी पुन्हा वाचल्या, तेव्हा त्यांतला जाच नाहीसा झाला होता.

प्रयोगाची वेळ सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीची ठरली, कारण जो अंधार आम्हांला करता येत नव्हता तो झरोक्यांतून आपणहून येणार होता. दिवा लावावयाचा नाही; भिंत दिसेनाशी झाली की नाटक संपले. अकरा मुले अकरा खळग्यांपाशी उभी राहिली. कोणी हातभर अंतरावर आले म्हणजे, त्या एकट्या माणसासाठी, तिथे पूर्वी असलेल्या चित्राचे वर्णन हलक्या आवाजात करावयाचे. कोणी नसले म्हणजे गप्प राहावयाचे. सभागृह भरून टाकण्याची सवय लागलेल्या कंठाला एका माणसाशी बोलणे किती अवघड, हे त्यांच्या तालमीत मी पाहिले होते. त्या संध्याकाळी मात्र दालनात अकरा कुजबुजी, दूरच्या पाटाच्या पाण्यासारख्या, एकमेकींत मिसळून वाहत होत्या.

एक वृद्ध गृहस्थ त्या मोठ्या खळग्यापाशी आले. तिथल्या मुलीने त्यांना घाट सांगितला, पाऊस सांगितला, वळवून ठेवलेली खुर्ची सांगितली. त्यांनी विचारले, “मग ते चित्र कुठं आहे आता?” या प्रश्नाला तिच्याजवळ तयार उत्तर नव्हते. ती काही बोलली नाही. एक पाऊल बाजूला झाली, आणि ते गृहस्थ त्या अंगठ्याच्या ठशापुढे, चित्रापुढे उभे राहावे तसे, उजेड जाईपर्यंत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी उत्तरेच्या भिंतीवरून तळहात फिरवला, ओठांतल्या ओठांत मोजले, आणि टेबलाच्या खणातून वही काढून तारीख घातली. मुले त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. त्यांनी सावकाश लिहिले: दालन दिले तसे परत मिळाले. भिंत शाबूत. खळगे त्रेसष्ट.