निकाल शंभर टक्के, पण पोरं गेली कुठे?

मित्रहो, पोस्ट लांब आहे. पण ज्यांची पोरं आठवी-नववीत आहेत, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

दहावीचा निकाल लागला की दुपारपासून व्हॉट्सअ‍ॅपवर शाळांच्या प्रेसनोटा यायला लागतात. 'उज्ज्वल यशाची परंपरा कायम' हे शीर्षक ठरलेलं. पहिला, दुसरा, तिसरा, टक्केवारी, मग अध्यक्षांपासून सगळ्यांनी केलेलं अभिनंदन. धुळे-जळगाव भागात वीसेक वर्षं बातमीदारी करतोय, अशा नोटा शेकड्यानं वाचल्यात. हल्ली काही शाळांच्या नोटेत एक ओळ वाढलीय: 'व्यावसायिक विषयाचाही निकाल १०० टक्के.'

आज या एका ओळीबद्दल बोलायचंय.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. समग्र शिक्षा योजनेतून काही शाळांमध्ये नववीपासून एक व्यावसायिक विषय घेता येतो. मल्टिस्किल टेक्निशियन, ऑटोमोटिव्ह, ब्युटी अँड वेलनेस, हेल्थकेअर, रिटेल, शेती वगैरे. शाळेत त्याला 'एनएसक्यूएफचा तास' म्हणतात. शिकवणारा बहुतेक ठिकाणी बाहेरच्या संस्थेमार्फत आलेला, कंत्राटी.

कल्पना चांगलीच आहे, आणि अजिबात नवी नाही. कोठारी आयोगानं १९६६ मध्येच हे सांगितलं होतं. १९८६ च्या धोरणानं आकडा दिला: उच्च माध्यमिकच्या १० टक्के मुलांना १९९० पर्यंत आणि २५ टक्के मुलांना १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे आणायचं. जमलं नाही. १९९२ मध्ये दोन्ही मुदती पाच-पाच वर्षांनी पुढे ढकलल्या. आपल्याकडचं एमसीव्हीसी त्याच काळातलं, माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. मग २०२० चं धोरण आलं: २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख. ते सालही येऊन गेलं.

हे सगळे आकडे बघा. किती पोरं वर्गात बसवायची, एवढंच त्यात आहे. वर्गातून बाहेर पडल्यावर त्या पोरांचं काय झालं पाहिजे, याचा आकडा कुठेच नाही.

बरं, माहिती गोळा होत नाही असं नाही. उलट गुरुजी माहिती भरून भरून कावलेत. यूडायस प्लस आहे, २०१५ पासून सरल आहे, अकरावीचा प्रवेश ऑनलाइन, आयटीआयचा ऑनलाइन. पण प्रत्येकाचा कप्पा वेगळा. पोरानं दाखला नेला की शाळेच्या लेखी तो संपला. 'सर, तुमच्या ऑटोमोटिव्हच्या पोरांपैकी इतके आयटीआयला गेले, त्यातले इतके मेकॅनिकच्या ट्रेडला' असं मुख्याध्यापकाला वरून कुणी कळवत नाही. माहिती खालून वर जाते, वरून खाली येत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पनेतले आहेत, पण चित्र तुमच्या ओळखीचं असेल. समजा एका शाळेत या विषयाला ४० मुलं होती. चाळीसही पास, निकाल १०० टक्के. वर्षभरानं शोध घेतला तर ६ आयटीआयला, ३ पॉलिटेक्निकला, १५ जवळचं कॉलेज म्हणून अकरावी आर्ट्सला, ८ सुरतला, ५ घरच्या शेतीत नाहीतर दुकानात. आणि ३ मुलींचं लग्न झालं.

आता यातली प्रत्येक संख्या काहीतरी सांगते. आयटीआयला गेलेल्या सहात मुलगी एकही नसेल, तर मुलींना कोणता विषय दिला आणि का दिला, हे विचारावं लागेल. आर्ट्सला गेलेल्या पंधरांना आयटीआयच्या फॉर्मची तारीख तरी कुणी सांगितली होती का? आणि वस्तीवरच्या, पाड्यावरच्या पोरांचा हिशेब वेगळा काढला तर काय दिसेल? सरासरी काढली की हे सगळं झाकलं जातं. 'लग्न झालं' हा रकानाही आपल्याकडे लागतो.

अमेरिकेत यासाठी पर्किन्स नावाचा कायदा आहे, २०१८ मध्ये सुधारलेला. व्यवसाय शिक्षण घेतलेली मुलं शाळा सोडल्यावर साधारण सहा महिन्यांच्या आत शिक्षणात, प्रशिक्षणात, सैन्यात की नोकरीत आहेत, हे तिथे कळवावं लागतं. मुलगे-मुली, अपंग, गरीब घरातली मुलं, असं वेगवेगळं. आणि किमान दर दोन वर्षांनी हे आकडे आणि आसपासचा रोजगार शेजारी ठेवून बघायचं, की आपण शिकवतोय ते इथे कामाचं आहे का. पैसा कुठे लावायचा ते त्यावरून ठरतं.

तिथल्या काही राज्यांत हे पगाराच्या सरकारी नोंदींवरून काढतात. आपल्याकडे तसं करायला गेलं तर हाती भोपळा येईल. डाळमिलमध्ये, चटईच्या कारखान्यात, सुरतच्या मार्केटात सतरा-अठरा वर्षांच्या पोराची पीएफची नोंद कोण करतंय? आपल्याकडे उपाय साधा आहे: फोन. शाळेकडे बापाचा नंबर असतोच. "पोऱ्या काय करस आते?" एवढं विचारलं की "सुरतले शे, साडीना मार्केटमा" असं उत्तर मिळतं. दोन मिनिटांचं काम आहे. एका वर्गाचे फोन दोन दुपारच्यात होतात.

आणि हे कळलं की विषय बदलता येतो. शेती विषयातला नेहमीचा अभ्यासक्रम टोमॅटो, वांगी, मिरची या पिकांचा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मिळालं, तेव्हा तो विषय काही ठिकाणी फिटही बसेल. पण रावेर-यावलचं पोरगं केळीत वाढलेलं. जीआय केळीलाही त्याच वर्षी मिळालं. तिथे ठिबक, रोपं, पॅकिंग हे शिकवलं तर ते गावात उभं राहू शकतं. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्या आहेत. तिथल्या पोरांना वायरिंगचा विषय जवळचा की रिटेलचा? हे मुंबई-पुण्यात बसून ठरवता येणार नाही. शाळेच्या वहीतून ठरेल.

महाराष्ट्रात याचं चांगलं उदाहरणही आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा आठवी ते दहावीचा विषय तिथूनच शाळांमध्ये गेला. त्यात पोरं गावातल्या लोकांची कामं करून शिकतात आणि कामाचे पैसे घेतात. मला यातली मोजण्याची रीत आवडते. गावातल्या माणसानं पोराकडून वेल्डिंग करून घेतलं आणि खिशातून पैसे काढून दिले, तर पोराला वेल्डिंग येतं.

एक धोका मात्र आत्ताच सांगून ठेवतो. या आकड्यांवरून प्रशिक्षकाचं कंत्राट तोडायला किंवा शाळेचं अनुदान अडवायला सुरुवात केली, की वह्या लगेच सुंदर होतील. अमेरिकेतच १९८२ च्या रोजगार प्रशिक्षण कायद्यात आकड्यांवर बक्षिसं ठेवली होती. तेव्हा ज्यांना कुठेही काम मिळालं असतं अशांनाच आधी घेतलं जातं, अशी टीका झाली. म्हणजे ज्याला गरज होती तो दारातच राहिला. आधीच ज्या माणसाची पुढच्या वर्षीची नोकरी पक्की नाही, त्याच्याकडून खरा आकडा हवा असेल तर त्याला आधी थोडी शाश्वती द्या. आकडा शिक्षेसाठी नको, दुरुस्तीसाठी हवा.

म्हणून पालकांना विनंती. जूनच्या पालकसभेत तीन प्रश्न विचारा. एक, मागच्या वर्षी हा विषय घेतलेली पोरं आज कुठे आहेत? दोन, त्यात मुली किती, पाड्यावरची पोरं किती? तीन, हे बघून यंदा शाळेनं काय बदललं? भांडू नका, शांतपणे विचारा. उत्तर नसेल तर 'चला सर, आपण मिळून फोन करू' म्हणा.

आणि कुठल्या शाळेनं अशी वही आधीच ठेवली असेल, तर इनबॉक्समध्ये कळवा. मी स्वतः येतो, बघतो आणि शाळेच्या नावासकट बातमी करतो.

पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर कमेंटमध्ये सांगा.

#खान्देश #जळगाव #धुळे #व्यवसायशिक्षण