दुसऱ्या भागातला माणूस

‘वारदात’ हा १९८१ सालचा चित्रपट आमच्या बऱ्हाणपुरात लागला तेव्हा मी बाराएक वर्षांचा होतो. दादाबरोबर रात्रीचा खेळ पाहून टांग्याने लालबागला परत येताना मी त्याला विचारले, “दादा, पहिल्या सिनेमातली रंजिता कुठे गेली रे?” दादा नुकताच मिलमध्ये लागला होता आणि सकाळच्या भोंग्याआधी चार तास झोप मिळावी एवढीच त्याची इच्छा होती. “सिनेमा आहे तो,” तो म्हणाला, “गप बैस.”

ज्यांनी हे चित्रपट पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. रविकांत नगाइच या दिग्दर्शकाने १९६७ मध्ये जितेंद्रला गुप्तहेर करून ‘फर्ज’ काढला होता. पुढे १९७९ मध्ये मिथुन चक्रवर्तीला घेऊन त्यांनी ‘सुरक्षा’ केला. त्यातला गनमास्टर जी-९ पोरांनी असा डोक्यावर घेतला की आमच्या आळीत दर दोन घरांआड एक जी-९ तयार झाला. ‘वारदात’ हा त्याचाच पुढला भाग. नायक तोच, हुद्दा तोच, बप्पी लाहिरींचे संगीतही तेच. पिके फस्त करणारी टोळधाड आणि तिच्यामागचे कारस्थान असा विषय. निमाडातल्या कापूसवाल्या प्रेक्षकाला तो चटकन भिडला. पण पहिल्या भागात जिच्यासाठी नायकाने जीव धोक्यात घातला तिच्या जागी आता काजल किरण होती, आणि पहिलीचे नाव कुणी काढल्याचे मला आठवत नाही. दोन वर्षांत या माणसाला काहीच झाले नव्हते. जखमेचा व्रण नाही, आठवण नाही.

त्या वयात वाचनालयातून आणलेल्या बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांतही तसेच असे. झुंजार काय, धनंजय काय, प्रत्येक पुस्तकात ताजेतवाने. तिथे मात्र मला कधी खटकले नाही. पुस्तकातला चेहरा आपणच कल्पनेने रंगवतो, म्हणून असेल. पडद्यावरचा माणूस डोळ्यांसमोर श्वास घेतो, मग त्याने विसरावे कसे?

जेम्स बाँडची गंमत पुष्कळ पुढे कळली. १९६९ च्या चित्रपटात त्याचे लग्न होते आणि लग्नाच्याच दिवशी बायकोला गोळी लागते. त्यानंतरचे चित्रपट आपले हसतखेळत चालले. १९७७ मध्ये एक बाई विषय काढते तर हा तो तिथल्या तिथे तोडतो. आणि १९८१ मध्ये, म्हणजे आमच्या ‘वारदात’च्याच वर्षी, चित्रपट उघडतो तो बाँड फुले घेऊन तिच्या कबरीपाशी उभा आहे असा. मधल्या बारा वर्षांत बाँडचे काम करणारा नटसुद्धा दोनदा बदलला होता. तरी कुणाला तरी वाटले, की याने एकदा तिथे जाऊन यायला हवे.

आम्हा सरहद्दीवरच्या लोकांना एक शब्द नेहमी चकवतो. हिंदीत ‘चरित्र’ म्हणजे वागणूक, स्वभाव, कथेतले पात्रही. मराठीत चरित्र म्हणजे माणसाच्या आयुष्याची हकिकत, आणि वागणुकीला आपण चारित्र्य म्हणतो. घरी मराठी आणि शाळेत हिंदी अशा आमच्या मुलांच्या उत्तरपत्रिकांत यावरून फार मजा होते. पण मला वाटते, हेराच्या चित्रपटाचा दुसरा भाग नेमका या दोन शब्दांत अडकतो. नायक शूर, हजरजबाबी, देशभक्त. चारित्र्य पहिल्या भागातच पक्के. चरित्र मात्र त्याला कुणी देत नाही. (खऱ्या हेराची गोष्ट निराळी. शिवाजीमहाराजांच्या बहिर्जी नाईकांचा लौकिक घरोघर ठाऊक. त्यांच्या आयुष्याची हकिकत मात्र फारशी हाती लागत नाही. त्यांच्या धंद्यात ती हाती न लागणे हेच यश म्हणायचे.) अलीकडे ‘एक था टायगर’चा २०१७ मध्ये पुढचा भाग आला त्यात नायकाला निदान संसार दिला, मुलगा दिला. तेवढ्यानेही त्याच्या मारामारीला वजन आले.

आता हे सगळे आठवण्याचे कारण सांगतो.

शाळा सोडताना विद्यार्थ्याला जो दाखला द्यायचा त्यात ‘चरित्र’ असा एक रकाना असतो. बहुतेक वेळा डोळे झाकून ‘उत्तम’ लिहितात. १९९८ साली मी साधा वर्गशिक्षक होतो. नववीच्या वर्गाची जमा झालेली फी माझ्या टेबलाच्या खणातून नाहीशी झाली. त्याच दुपारी एक मुलगा शाळा बुडवून सिनेमाला गेल्याचे कळले. तिकिटाचे पैसे कुठून आणले, याचे उत्तर त्याने दिले नाही. खाली बघून उभा राहिला. मला तेवढे पुरले. फी मी पदरची भरली, आणि वर्षअखेरीस त्याच्या दाखल्यावर मी सांगितल्यावरून ‘साधारण’ असे लिहिले गेले. ते पैसे त्याने घेतले होते की नाही, मला आजही माहीत नाही.

गेल्या जूनमध्ये तो माझ्यासमोर येऊन बसला. चाळिशीचा, कानशिले पांढरी, पॉवरलूमचा छोटा कारखाना, मुलीला नववीत घालायला आलेला. मी नाव वाचले आणि माझा हात आपोआप उजवीकडे गेला. खण अर्धा उघडा होता. मी तो आत ढकलला. कुलपाचा ‘खट्’ आवाज झाला. त्याने पाहिले. काही बोलला नाही. फीचे पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “सर, पावती आत्ताच मिळाली तर बरं.” कारकून जेवायला गेला होता. तो अर्धा तास दाराशी उभा राहिला, पण पावती घेतल्याशिवाय गेला नाही.

गणपतीत मुलगा पुण्याहून आला होता. त्याने मोबाइलवर बाँडचे दोन चित्रपट ओळीने दाखवले, २००६ चा ‘कॅसिनो रोयाल’ आणि २००८ चा ‘क्वांटम ऑफ सोलेस’. “बाबा, दुसरा पडेल आहे हां,” त्याने आधीच बजावले. तसा तो आहेही. हॉलिवूडच्या लेखकांचा संप चालू असताना केलेला, तुटक. पण पहिला जिथे संपतो तिथून थोड्याच वेळात दुसरा सुरू होतो, आणि पहिल्यातले काहीच पुसलेले नसते. पहिल्या भागात बाँडने मॅथिस नावाच्या एका सहकाऱ्यावर संशय घेऊन त्याला पकडून दिलेले असते, आणि तो निर्दोष निघतो. दुसऱ्या भागात बाँड त्याच्या घरी जातो. मदत मागायला जातो, क्षमा मागायला नव्हे, तरी जातो. मॅथिस रागावतो, मग त्याच्याबरोबर निघतो, आणि पुढे त्याच्याच मांडीवर प्राण सोडतो. त्यानंतर बाँड त्याचे प्रेत कचऱ्याच्या पेटीत टाकून पुढे जातो. म्हणजे माणूस फारसा सुधारलेला नाही. मुलगा म्हणाला, “पाहिलंत ना, काही अर्थ नाही.” मी म्हटले, मला तो घरी गेला तेवढा भाग पुन्हा दाखव.

विसर्जनानंतरच्या रविवारी मी लालबागहून रिक्षा करून त्याच्या कारखान्यावर गेलो. बायकोला सांगितले, साडीचे कापड बघायला जातो. तिने “अहो, तुम्ही? कापड?” एवढेच विचारले.

चार माग चालू होते. ज्यांनी पॉवरलूमचा खडखडाट जवळून ऐकला आहे त्यांना सांगायला नको. तिथे माणसे खुणांनी बोलतात. तो लगबगीने पुढे आला, खुर्ची पुसून दिली, चहाची खूण केली. वाटेत जुळवलेले वाक्य मी एका दमात म्हणून टाकले. खरे सांगायचे तर त्या आवाजाचा मला आधारच वाटला.

त्याने कानामागे हात धरला. “काय म्हणालात सर?”

मी नुसती मान हलवली.

तो मागे वळला आणि एकेक करत चारही माग बंद केले.