डोंगर उतरलेली माणसं

मुलांनो, पुण्याहून मुंबईकडे निघालात की बाह्यवळण रस्त्यालगत ताथवडे लागतं. इथं पशुसंवर्धन खात्याचं वळू-माता प्रक्षेत्र आहे. एकीकडे गाईगुरं, तर दुसरीकडे मान वर करून पाहाव्या लागणाऱ्या इमारती! २००९ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आलं. इथल्याच एका शाळेत मी शिकवते.

एकदा मधल्या सुट्टीत नळावर भांडण झालं. "तुम्ही बाहेरचे! तुमच्यामुळंच गर्दी होते," असं एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला. ज्याला म्हणाला, तो नेपाळचा. त्याचे वडील एका सोसायटीत पहारेकरी आहेत. बिचारा रिकामी बाटली घेऊन गप्प उभा राहिला.

मी रागावले नाही. वर्गात नकाशा टांगला, टिकल्यांचं पाकीट काढलं आणि म्हटलं, "तुमचे आजी-आजोबा ज्या गावचे, तिथं एकेक टिकली लावा बरं!"

काय झालं असेल? ताथवड्यावर दोनच टिकल्या लागल्या! बाकीच्या मुळशी-मावळात, साताऱ्याच्या जावळी-पाटणात, कोकणात, मराठवाड्यात, थेट बिहारात. भांडण काढणाऱ्याची टिकली लागली खेडला. आपलं राजगुरुनगरचं खेड नव्हे हं, रत्नागिरी जिल्ह्यातलं! त्याचे आजोबा पिंपरीच्या कारखान्यात कामाला आले होते.

भूगोलात 'लोकसंख्येची घनता' हा शब्द तुम्ही वाचला असेल. एक चौरस किलोमीटर जागेत सरासरी किती माणसं राहतात, ती घनता. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सव्वासतरा लाख होती आणि क्षेत्रफळ १८१ चौरस किलोमीटर. भागाकार करा. साडेनऊ हजार आले ना? त्याच वर्षी रत्नागिरी जिल्ह्याची घनता होती फक्त १९७.

आता माझ्याबरोबर पश्चिमेकडे चला. हिंजवडीच्या काचेच्या इमारती मागं टाकल्या की माण, घोटावडे, पौड, मग मुळशीचं धरण आणि पुढं ताम्हिणी घाट. गंमत बघा, हिंजवडीही मुळशी तालुक्यात आणि ताम्हिणीही. पण एकीकडे रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, तर दुसरीकडे मैलभर चाललं तरी माणूस भेटत नाही. सरासरीच्या आकड्यात या दोन्ही गोष्टी लपून जातात.

याच डोंगरातल्या एका वाडीत माझी पहिली शाळा होती. एक खोली आणि सात मुलं. दोन वर्षांनी चार उरली. एका सकाळी तिसरीतली एक मुलगी पुस्तकं परत द्यायला आली. "बाई, आम्ही हिंजवडीला चाललो. बाबांना काम लागलं." पुस्तकं टेबलावर ठेवून ती पळाली. हजेरीपटावर तीन नावं राहिली. तिची आजी मात्र वाडीतच राहिली, गाईसाठी आणि घरासाठी.

घाट उतरून कोकणात गेलं की हीच गोष्ट मोठ्या आकड्यांत दिसते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती, ती २०११ साली १६,१५,०६९ झाली. म्हणजे वाढली नाही, घटली! घनता २०७ वरून १९७ वर आली. दर चौरस किलोमीटरमागं दहा माणसं कमी, म्हणजे दोन घरांना कुलूप. सिंधुदुर्गातही तसंच झालं. त्याच दहा वर्षांत पुणे जिल्ह्याची घनता मात्र ४६२ वरून ६०३ झाली.

असं का होतं? उतारावरची शेती थोडी, पाऊस धो धो, पण धान्य वर्षभर पुरत नाही. कोकणातली माणसं आधी मुंबईच्या गिरण्यांत गेली. पुढं पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि माळरानावर कारखाने उभे राहिले. १९७१ साली लाखभर वस्तीचं पिंपरी-चिंचवड चाळीस वर्षांत सतरा पट झालं. अर्थात, मधल्या काळात शहराची हद्दही वाढली.

आणि नेपाळ? तिथंही माणसं डोंगर उतरली. दक्षिणेच्या सपाट तराईत पूर्वी हिवतापाची भीती असे. १९५० च्या दशकात नेपाळच्या शंभर माणसांपैकी पस्तीसच तराईत राहत. हिवताप आटोक्यात आला, जंगल तोडून शेती झाली, रस्ते आले. २०२१ च्या जनगणनेत शंभरातली ५३ हून अधिक माणसं तराईत निघाली. उंच हिमालयाच्या पट्ट्यात उरली अवघी सहा! हे सारं सांगितलं तेव्हा तो मुलगा पहिल्यांदाच बोलला, "बाई, आमच्या गावी वरच्या घरात आता आजोबा एकटेच आहेत."

खेडवाला मुलगा हळूच म्हणाला, "आमच्याही."

मग सांगा, बाहेरचं कोण? आपल्या नळाला येणारं पवनेचं पाणीसुद्धा मावळच्या डोंगरातूनच येतं. गर्दीचा त्रास खरा आहे. पाणी, रस्ते, शाळा अपुऱ्या पडतात, त्यासाठी मोठ्यांनी भांडलंच पाहिजे. पण एकाच वाटेनं आलेल्यांनी एकमेकांशी नाही.

आपली २०२१ ची जनगणना करोनामुळं पुढं गेली. आता ती २०२७ ची म्हणून जाहीर झाली आहे. प्रगणक पुष्कळदा आमच्यासारखे शिक्षकच असतात. ते येण्याआधी तुम्ही एक काम करा. घरातल्या मोठ्यांना विचारा: आपण कुठून आलो, कधी आलो आणि तिथं आता कोण आहे? मग नकाशावर टिकली लावा. आणि हो, तिथं कुणी असेल, तर या सुट्टीत त्यांना भेटून या!