गेमचा मॉनिटर आणि एक नुक्ता

भाचा पुण्यात नोकरीला लागला, लॅपटॉपवर आला आणि त्याचा 27 इंची गेमिंग मॉनिटर वैभववाडीत माझ्या टेबलावर चढला. "मामू, यावर गोळ्या झाडायच्या असतात. तुम्ही काय, वेलांट्या मोजणार?" मोजणारच. मराठी-उर्दू पुस्तकांची प्रुफं वाचण्यावर आमची चूल पेटते, आणि पन्नाशीनंतर डोळे हेच काय ते भांडवल.

या मॉनिटरचा बडेजाव 144 हर्ट्झचा. म्हणजे पडदा सेकंदाला 144 वेळा नवं चित्र रंगवतो, साधा मॉनिटर 60 वेळा. पान वर सरकवताना ओळी फरफटत नाहीत, डोळा ओळ सोडत नाही. पण विंडोजमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन 144 निवडावं लागतं. अनेकांच्या घरी ते 60 वरच राहतं आणि दुकानदाराला पैसे मात्र 144 चे गेलेले असतात! मला विचाराल तर हे सुख खरं, पण प्रुफं वाचणाऱ्याने त्यासाठी खिसा रिकामा करू नये.

कारण वाचताना पडदा स्थिर असतो. तिथे वेग उपयोगाचा नाही, बारकावा लागतो. 27 इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात जेमतेम 82 ठिपके बसतात. तेच 24 इंचीवर 92, आणि 27 इंची 1440पीवर सुमारे 109. खेळणाऱ्याला याची फिकीर नसते, शत्रू काही वेलांटीएवढा नसतो. माझं तसं नाही. उर्दूत 'खुदा' आणि 'जुदा' यांत फरक एका नुक्त्याचा: वर दिला तर खुदा, खाली दिला तर जुदा. धार्मिक पुस्तकात तो नुक्ता शेजारच्या रेषेत विरघळला तर छापणाऱ्याची काय गत होईल, सांगायला नको. मराठीतही बारीक टाइपात 'दिन' आणि 'दीन' चटकन ओळखू येत नाहीत. तेव्हा पान 150 टक्के मोठं करतो. मोठ्या पडद्यावर तेवढी जागा मिळते, हा या मॉनिटरचा मला झालेला खरा फायदा.

बाकी किरकोळ. त्यातला 'गेम मोड' अक्षरांना उगाच कडा काढतो. तो बंद करून एसआरजीबी ठेवलं. उजेड खूप खाली आणला. त्याने डोळे निवले, आणि पावसाळ्यात लाइट गेली की इन्व्हर्टरही थोडा जास्त टिकतो. वक्र पडदा कुणी फुकट दिला तरी पानाची मांडणी करणाऱ्याने घेऊ नये, सरळ रेघही वाकडी भासते.

उर्दूचा शेवटचा हात मात्र मी अजून कागदावरच फिरवतो, खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात.