न लावलेला षड्ज

ज्याला गद्य लिहावयाचे आहे त्याने लिहिताना शब्दप्रधान गाणे कानांशी ठेवू नये, असा माझा पक्का अभिप्राय आहे, आणि तो भावगीताविषयीच्या अनादरातून नव्हे, तर त्याच्याविषयीच्या आदरातूनच आलेला आहे. उत्तम भावगीत आपल्या मनात एक चित्र पुरे करून ठेवते. त्यातील नायिकेची खिडकी, तिचा पाऊस, तिचे वाट पाहणे हे सारे कवीने आणि संगीतकाराने इतक्या निगुतीने सिद्ध केलेले असते की, ते ऐकत असता आपल्या कथेतल्या बाईला तिची स्वतःची खिडकी मिळणे दुरापास्त होते. ख्यालाचे तसे नाही. ख्यालाची चीज म्हणजे अस्थाई आणि अंतरा मिळून चार ओळींचा ऐवज; त्यातही विलंबित गायनात अक्षरे इतकी लांबविली जातात, आकारात इतकी विरघळविली जातात, की अर्थाचा अंश मागे पडतो आणि उरतो तो एका माणसाचा आवाज, एक लय आणि एका रागाची शिस्त. या तिन्ही गोष्टी कथाकाराला हव्या असतात, आणि यांतली एकही त्याच्या शब्दांच्या आड येत नाही.

मध्यंतरी मी एक कथा लिहीत होतो. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा व कुळकर्णी वतने रद्द झाली, पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात कायदा अमलात आला, आणि ज्या गावी तोवर वतनी कुळकर्ण्याच्याच हाती दप्तर होते त्या गावी ते सरकारनियुक्त तलाठ्याच्या स्वाधीन करण्याचा प्रसंग उभा राहिला. अशा एका कुळकर्ण्याच्या ओसरीवरची एक दुपार आणि तिला लागून आलेली संध्याकाळ, एवढाच माझ्या कथेचा विस्तार. दप्तर बांधलेले रुमाल सुटतात, जमाबंदीचे, फेरफारांचे, पीकपाहणीचे कागद एकेक करून मोजले जातात, तलाठी यादीवर खुणा करीत जातो, मामलेदार कचेरीचा शिपाई पायरीवर बसून तंबाखू मळीत असतो, कोणी कोणाला वावगा शब्द बोलत नाही. घटना म्हणावी अशी काही घडत नाही, आणि तरीही त्या चार-पाच तासांत एका घराण्याची गावातली जागा नाहीशी होते.

पहिला खर्डा मी पूरिया ऐकत केला. मंद्र सप्तकात रेंगाळणारा, गांधारावर येऊन विसावणारा, आणि मनात येईल तेव्हा षड्जाच्या आश्रयाला निःशंकपणे परत जाणारा हा राग माझ्या फार जुन्या आवडीचा आहे. खर्डाही तसाच उतरला. कुळकर्णी दुःखी होता, परंतु त्याच्या दुःखाला बसावयास जागा होती: देवघर होते, तुळशीपुढला दिवा होता, समंजस पत्नी होती; “आता आपलं काय राहिलं?” असे ती विचारी आणि तो तिला धीराचे दोन शब्द सांगे. ती कथा टाकाऊ नव्हती. पण दप्तर हातून जात असलेल्या माणसाची ती कथा नव्हती, वयोमानाप्रमाणे निवृत्त होणाऱ्या माणसाची होती, आणि या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पुढे एका सकाळी मी अमीर खाँसाहेबांची मारव्याची ध्वनिमुद्रिका लावली. १९६० च्या सुमारास निघालेली ही दीर्घ ध्वनिमुद्रिका, एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी, संगीताच्या शौकिनांना परिचितच आहे. ती ऐकताना मला प्रथम जाणवले ते हे की, पूरियाचे स्वर तेच मारव्याचे, आणि तेच सोहनीचेही. षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गांधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत, शुद्ध निषाद. पंचम तिघांतही वर्ज्य. पेटीवर कोणी हे सहा स्वर ओळीने नुसते दाबून दाखविले तर राग कोणता हे जाणकारालाही सांगता येऊ नये. भेद सारा वजनाचा, मुक्कामाचा आणि वस्तीचा. पूरियात गांधार-निषादांना मान आणि वस्ती खालच्या अंगाला. मारव्यात कोमल ऋषभ आणि धैवत या दोघांचे राज्य. सोहनी वरच्या अंगाची, तार षड्जाभोवती घिरट्या घालणारी, रात्र संपत आली असता गावयाची. सामग्री एकच, आणि तिच्यापासून तीन भिन्न स्वभावांच्या व्यक्ती उभ्या राहतात. माझ्या टेबलावरही सामग्री तीच होती: तोच कुळकर्णी, तोच तलाठी, तेच रुमाल. मी नवीन प्रसंग शोधीत होतो, आणि हवा होता तो मुक्कामाचा पालट. कोणत्या वाक्यावर थांबावयाचे आणि कोणत्या वाक्यावरून थांबल्यावाचून पुढे जावयाचे, हे ठरले म्हणजे कथेचा राग ठरतो. इतका नेमका धडा मला कोणत्याही साहित्यशास्त्राच्या ग्रंथात आढळलेला नाही.

आता मारव्यातील षड्जाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण माझ्या सांगण्याचा गाभा तेथे आहे. मारव्यात षड्ज वर्ज्य नाही. तो आहे, परंतु गायक त्याला टाळतो, ओलांडून जातो. निषादावरून तो सरळ कोमल ऋषभावर येतो, ऋषभावर थांबतो, गांधाराला स्पर्श करून पुन्हा ऋषभावर उतरतो, तेथून षड्जाला वगळून खालच्या धैवताकडे वळतो, आणि प्रत्येक वेळी श्रोत्याला वाटत राहते की आता येईल, या वळणानंतर तरी येईल. इकडे तंबोऱ्याच्या चार तारांपैकी तीन तारा अखंड षड्जच बोलत असतात. पंचम वर्ज्य असल्यामुळे पहिली तार बहुधा निषादात मिळविलेली असते, आणि निषाद तर षड्जाच्या उंबरठ्यावरच उभा. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानांतून षड्ज क्षणभरही गेलेला नाही, आणि गाणाऱ्याच्या कंठात मात्र तो येत नाही. कोमल ऋषभ षड्जाच्या इतका निकट की त्याच्यावर मुक्काम करणे म्हणजे घराच्या दारात उभे राहून घरात न जाणे होय. मारव्याची व्याकुळता, संधिप्रकाशाच्या वेळी मनाला लागणारी ती हुरहूर, माझ्या मते कोमल स्वरात नाही आणि तीव्र स्वरातही नाही. जो स्वर अखंड वाजतो आहे तोच उच्चारावयाचा नाही, या विलक्षण निर्बंधात ती आहे.

वतन गेले, हा माझ्या कथेचा षड्ज होता. पहिल्या खर्ड्यात तो पानोपानी लागला होता. पत्नीच्या प्रश्नात लागला होता, कुळकर्ण्याच्या उत्तरात लागला होता, माझ्या स्वतःच्या निवेदनात तर वारंवार. दुसऱ्या खर्ड्यात ‘वतन’ हा शब्द मी एकदाही येऊ दिला नाही. पत्नीचा प्रश्न काढून टाकला. परंतु नुसते काढून टाकल्याने मारवा होत नाही, हे लगोलग ध्यानात आले. तंबोरा बंद करून कोणी मारव्याचे स्वर आळवू लागला तर षड्ज टाळला जात आहे हे कळणारच कसे? आजकालच्या पुष्कळ कथांत जे अनुक्त ठेवलेले असते त्याचा वाचकाला थांगच लागत नाही आणि त्या दुर्बोधतेलाच सूचकता समजण्याचा प्रघात पडला आहे, याचे कारण मला हेच दिसते की त्या लेखकांनी स्वर गाळला, पण तार मिळविली नाही. वाचकाच्या कानी जे सतत वाजावयास हवे ते वाजविण्याची तजवीज आधी, मौन नंतर.

माझ्या कथेत तारेचे काम कोणी करावे, हा प्रश्न बरेच दिवस सुटेना. तो मोडीने सोडविला. जुने कागद मोडीत लिहिलेले. नवा तलाठी बालबोध शिकलेला, मोडीचे वळण त्याला धड लागत नाही. तेव्हा तो अदबीने म्हणतो, “तात्या, एवढा मथळा वाचून सांगता का? यादीत नोंद करायची आहे.” आणि तात्या वाचतात. प्रथम स्वतःच्या हातचे कागद, मग वडिलांच्या हातचे, मग आजोबांच्या हातचे. शाई पालटते, बोरूची जाडी पालटते, अक्षराचे झुकणे पालटते, आणि वाचणारा आवाज तोच राहतो. ज्याला दप्तर द्यावयाचे त्यालाच ते वाचून दाखवावयाचे. शब्द सारे सर्व्हे नंबरांचे, बिघ्यांचे, बागायत-जिरायतीचे, तगाईच्या बाकीचे. त्यांत भावनेचा लवलेश नाही. पण त्या रुक्ष नोंदींखालून जे वाजते ते वाचकाला ऐकू येईल, असा मला भरवसा वाटू लागला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ या १९४९ च्या पुस्तकात साध्या, कोरड्या वाटणाऱ्या वाक्यांखाली दारिद्र्याचा स्वर असाच अखंड वाजत असतो, आणि त्याचा उच्चार करण्याची त्यांना फारशी गरज भासत नाही. त्यांच्या गद्याची थोरवी मला मारवा ऐकता ऐकता नव्याने उमगली.

लयीची गोष्टही सांगितली पाहिजे. त्या ध्वनिमुद्रिकेतील मारव्याची विलंबित चीज झुमऱ्यात आहे. चौदा मात्रांचा हा ताल, तीन-चार-तीन-चार अशा खंडांचा, मुळातच किंचित डुलत चालणारा. खाँसाहेबांच्या गाण्यात तो इतका सावकाश होतो की दोन मात्रांमध्ये एक सबंध विचार मावावा. एवढ्या संथ लयीत समेला धडाक्याने येणे शक्य नसते आणि त्यांना ते इष्टही वाटत नाही. सम येते, आणि ती आली हे आपल्याला ती निघून गेल्यावर कळते. वडील शाहमीर खाँ सारंगिये, त्यांच्याकडून भेंडीबाजाराच्या मेरुखंड पद्धतीचा वारसा, आणि अतिविलंबित लयीचे आकर्षण किराण्याच्या अब्दुल वहीद खाँच्या गायनातून. या दोहोंचा संगम होऊन जी गायकी सिद्ध झाली तिच्यात स्वरांच्या मांडणीचे असंख्य पालट आहेत, पण घाई नावालाही नाही. दप्तर मोजण्याचा प्रसंग मी या लयीत लिहिला. पूर्वी तो अर्ध्या पानात आटोपला होता, कारण कागद मोजण्यात वाचकाला रस वाटणार नाही अशी मला धास्ती होती. आता तो कथेचा सर्वांत मोठा भाग झाला. प्रत्येक रुमाल सुटावयास, वाचला जावयास आणि पुन्हा गाठ पडावयास एक आवर्तन; गाठ पडली की सम. एकही रुमाल मी ‘इत्यादी’मध्ये ढकलला नाही.

मारव्याचा विचार चालू असता वसंतराव देशपांडे यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. कोवळ्या वयात लाहोरास असद अली खाँ यांनी त्यांना मारवा शिकविला, आणि एवढा एकच राग नीट आला की बाकीचे येतील असा त्या शिक्षणाचा रोख होता, हे त्यांच्या चाहत्यांत सर्वश्रुत आहे. याच वसंतरावांनी आयुष्याची कित्येक वर्षे लष्करी हिशेबखात्यात नोकरी केली. दिवसभर कचेरीतील आकडे आणि संध्याकाळी मारवा, हे साहचर्य मनात येताच माझ्या कुळकर्ण्याविषयी मला एक नवीनच आपुलकी वाटली. कागदांत आयुष्य गेलेल्या माणसाच्या अंतःकरणात स्वर नसतो असे समजण्याचे काहीएक कारण नाही.

मारवा हा सायंकाळचा राग, आणि मी तो सकाळी ऐकत असे, याबद्दल माझ्या एका गायकमित्राने नापसंती दर्शविली. भातखंड्यांनी रागांच्या समयाची जी व्यवस्था मांडली, तीत तीव्र मध्यमाला सायंकाळकडे बोट दाखविणारा मानले आहे, आणि मैफलीत ती व्यवस्था पाळावी या मताचा मीही आहे. परंतु लेखकाची वेळ त्याच्या घड्याळाची नसते, त्याच्या कथेतली असते. माझ्या ओसरीवर ऊन कलले होते. तेथे मारवाच योग्य होता.

एक निर्बंध मात्र मी कटाक्षाने पाळतो, आणि होतकरू लेखकांनीही तो पाळावा असे मला मनापासून वाटते. खर्डा संगीताच्या संगतीत करावा, पण त्याचा फैसला संगीताच्या समक्ष करू नये. गाणे चालू असता आपले प्रत्येक वाक्य आपल्याला धीरगंभीर भासते, कारण गांभीर्य गवयाचे असते आणि आपण ते आपल्या खात्यावर जमा धरतो. म्हणून शुद्ध प्रत काढण्यापूर्वी ध्वनिमुद्रिका कपाटात ठेवावी, दार लावून घ्यावे आणि सबंध मजकूर स्वतःच्या आवाजात मोठ्याने वाचावा. उसने घेतलेले तेज त्या वाचनात तत्काळ उतरते. जे वाक्य तंबोऱ्यावाचूनही उभे राहते तेवढेच आपले. माझ्या कथेतील संध्याकाळचे एक वर्णन, जे लिहिताना मला स्वतःलाच हेलावून गेले होते, ते या परीक्षेत टिकले नाही; मोडी वाचण्याचा भाग जसाच्या तसा राहिला.

ती कथा आता हातावेगळी झाली आहे. शेवटी तात्या तलाठ्याकडे दप्तराची रीतसर पोच मागतात, तलाठी ती लिहून देतो, तात्या ती दोनदा वाचतात आणि तारीख घातलेली नाही हे त्याच्या नजरेस आणतात. परंतु तो तलाठी माझ्या मनातून जाईना. वयाने लहान, परगावचा, डोक्यावर सरकारी हुकमाचे ओझे, आणि रात्री चावडीत एकटाच त्या रुमालांपाशी निजलेला. त्याला मोडी शिकावयाची आहे आणि ती शिकविणारा गावात एकच माणूस आहे. त्याची गोष्ट पहाटेची आहे, तिची वस्ती वरच्या अंगाला आहे, तिच्यात भीती आणि उमेद एकाच वेळी आहेत. म्हणून सध्या मी सोहनी ऐकतो आहे. सोहनीचा जीव लहान, तिला विलंबिताचा विस्तार फारसा मानवत नाही, मध्य आणि द्रुत लयीतच ती खुलते. तेव्हा ही कथा पहिलीच्या निम्मी होईल असा माझा अंदाज आहे, आणि तात्यांना तीत एकच वाक्य बोलावयाचे आहे, ते कोणते हे अद्याप ठरावयाचे आहे.