इर्जिक

आमच्याकडं पेरणी तोंडावर आली आणि एखाद्याचं रान नांगरायचं राहिलं, घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळलेला असला, की तो इर्जिक घालायचा. आदल्या दिवशी घरोघर सांगावा जायचा. सकाळी दहा-बारा औतं त्याच्या रानात उतरायची. मजुरी कुणी मागायचं नाही. रानधन्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, एवढंच. ट्रॅक्टर आला आणि इर्जिक गेली. पण माझं पुस्तक इर्जिकीनंच झालं.

मला मोटेवर लिहायचं होतं. इंजिन आलं, मग वीज आली आणि मोटेबरोबर नाडा, सोंदूर, कणा, धाव, थारोळं असे कितीतरी शब्द विहिरीच्या तळाला गेले. मी लहानपणी थारोळ्यात डुंबलो होतो, पण मोट काही हाणली नव्हती. हाणलेली माणसं एकेक करून निघून चालली होती.

शेजारच्या वाडीतला माझा एक दोस्त जन्मभर शेतीतच राबला. लिहिण्यावाचण्याचं त्याला वेड नाही. पण दर बाजारच्या दिवशी दारात मोटरसायकल उभी करून म्हणायचा, "चल गड्या, तुला एक म्हातारा दावतो." अशा कितीतरी वस्त्या त्यानं मला फिरवल्या. पेट्रोलला कधी हात लावू दिला नाही. एकदा सोंदराचं काम मला समजेना, तेव्हा त्यानं खाटेला दोन दोऱ्या बांधल्या, गोणपाटाची मोट केली आणि म्हणाला, "हे बघ, सोंदूर लांब झाला की सोंड खाली लोंबती, आन् निम्मं पाणी परत हिरीत." पुस्तकातलं ते पान त्याचंच आहे.

दुसरा दोस्त चक्कीवाला. रात्री चक्की बंद झाली की पिठानं पांढऱ्या झालेल्या बाकड्यावर मी वाचायचो, तो ऐकायचा. मध्येच हात वर करायचा, "ह्ये आपल्यात असं म्हणत न्हाईत." मी खोडायचो. तिसरा शाळेतला सोबती, तालुक्याला डीटीपीचं दुकान चालवतो. दिवसभर लग्नपत्रिका करायचा आणि रात्री माझी पानं लावायचा.

छपाईला निम्मे पैसे आपले घालावे लागणार होते. साल 2013. पाऊस नव्हता, जनावरं चारा छावणीत होती. वाडीच्या दोस्तानं दुधाचं बिल जसंच्या तसं माझ्या हातात ठेवलं. मी म्हणालो, "वहिनींना ठावं हाय का?" तर म्हणाला, "तिनंच काढून दिलं. म्हणली, पाऊस पुढच्या साली येईल, म्हातारी माणसं न्हाई यायची."

लेखकाचं नाव मुखपृष्ठावर येतं. त्याच्या पाठीमागची माणसं दिसत नाहीत. तुकोबांचे अभंग उतरवून ठेवणारे संताजी जगनाडे तेली होते, घाण्याचा धंदा सांभाळून त्यांनी ते काम केलं. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. घरच्यांनी त्यांची गाणी कागदावर उतरवली नसती, आणि 1951 साली त्या गेल्यावर सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली नसती, तर 1952 साली पुस्तक कुठून निघालं असतं? माझं लिखाण त्या तोलाचं नाही. पण हात लावणारी माणसं त्याच जातकुळीची आहेत.

पुस्तक निघालं तेव्हा मी जेवण घातलं. अंगणात तीन पंगती उठल्या. अर्पणपत्रिकेत वाडीच्या दोस्ताचं नाव घालायचं माझ्या मनात होतं. त्यानं साफ नकार दिला. "नाव नगं मर्दा. इर्जिकीच्या औताला कुठं नाव असतंय?" म्हणून इथंही कुणाचं नाव घेतलेलं नाही. वाचून ज्याचं त्याला कळेल.

एका जेवणानं हे फिटत नाही. ज्याच्या रानात औतं आली, त्यानं पुढं दुसऱ्याचा सांगावा आला की आपलं औत घेऊन निघायचं, अशी ती रीत. सध्या गावातली एक लेक जात्यावरच्या ओव्या लिहून घेते आहे. तिला म्हाताऱ्या आज्यांच्या घरी न्यायला कुणी नसतं. बाजारच्या दिवशी तिचा फोन येतो, "काका, येताय न्हवं?"

मी गाडी काढतो.