टकळीसाठी सेवाग्राम

दिवाळीच्या सुट्टीत कुणी महाबळेश्वरला जातो, कुणी वेरूळची लेणी पाहून येतो. आम्ही दोघी बहिणी गेल्या सुट्टीत अम्मीला घेऊन सेवाग्रामला गेलो, आणि तेही एक टकळी आणायला. शेजारच्या खालाजान ऐकून हसल्या. "तारेच्या एवढ्याशा तुकड्यासाठी तिघींचं रेल्वेचं तिकीट?" त्यांना काय सांगणार? सांगायचे तर टोप्यांपासून सुरुवात करावी लागते.

अम्मीच्या हातात क्रोशाची सुई लग्नाआधीपासूनची. रमजानच्या दोन महिने आधी ती पांढऱ्या दोऱ्याचे गुंडे आणून ठेवायची आणि ईदला मोहल्ल्यातल्या अर्ध्या पोरांच्या डोक्यावर तिने विणलेली टोपी दिसायची. विकली एकही नाही. कुणी किंमत विचारली की तिला राग यायचा. "ये मेरे आराम का काम है, इसके पैसे कैसे?" दिवसभर आठ माणसांचे रांधणे-वाढणे, आणि इशाच्या नमाजनंतरचा तास तेवढा तिचा. त्या तासात तिला कुणी हाक मारायची नाही असा घरचा नियम होता. अब्बासुद्धा पाणी स्वतः उठून घ्यायचे.

सहा वर्षांपूर्वी अब्बांचा इंतिकाल झाला. इद्दतीचे 4 महिने 10 दिवस अम्मी घरात होती. बायका भेटायला यायच्या, रडायच्या, आणि अम्मीलाच त्यांना धीर द्यावा लागायचा. त्या दिवसांत तिने 31 टोप्या विणल्या. आम्हीच त्या मशिदीत द्यायला बांधल्या, म्हणून आकडा लक्षात आहे.

ज्या भगिनींनी क्रोशा केला आहे त्यांना ठाऊक आहे की टोपी सगळी मोजण्यावर उभी असते. पहिल्या फेरीत 12 खांब, दुसरीत प्रत्येकावर दोन म्हणजे 24, तिसरीत एकाआड एक वाढवून 36, मग 48. वाढ जास्त झाली तर झालर पडते, कमी झाली तर वाटी होते. दोन वर्षांपूर्वी अम्मीच्या टोप्यांना झालर पडू लागली. आम्हाला वाटले, चष्म्याचा नंबर बदलला असेल. नंबर बदलला नव्हता. मोजता मोजता तिला आपण कुठे होतो हेच आठवत नव्हते. रात्री विणायची, सकाळी चूक दिसली की उसवायची, पुन्हा विणायची.

लहानपणी आमचे वेडेवाकडे विणकाम उसवताना अम्मी हसत हसत सूरह नह्लमधल्या त्या बाईची आठवण द्यायची. शपथा मोडणाऱ्यांना तिथे घट्ट कातलेले सूत स्वतःच उसवून टाकणाऱ्या बाईची उपमा दिली आहे. आता अम्मीसमोर ती आयत आमच्यापैकी कुणाच्याही तोंडून निघत नव्हती. एक दिवस तिने सुई कपाटात टाकली आणि म्हणाली, "अब नहीं." डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले आणि हात चालू ठेवा म्हणाले. पण कशावर चालू ठेवायचे? लोकरीच्या दोन सुया दिल्या, तर सुलट-उलटाचा हिशोब तिथेही होताच.

मग ऑक्टोबरात पिंजारी चाचा गाद्या पिंजायला आले. अंगणात कापूस उडत होता. अम्मीने त्यातला मूठभर उचलला, बोटांत धरून ओढला आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत पिळला. वीतभर धागा निघाला. त्याच्याकडे पाहत ती म्हणाली, "टकली कहाँ है मेरी?" आमच्या घरात टकळी कधीच नव्हती.

दोन दिवस थोडे थोडे विचारल्यावर उलगडा झाला. अचलपूरकडच्या एका खेड्यात, 1958-59च्या सुमारास, अम्मीच्या उर्दू शाळेत सूतकताईचा तास असायचा. ती चौथीपर्यंतच शिकली, पण टकळी दोन वर्षे फिरवली. आम्हा दोघींच्या मनात एकदमच आले: कातण्यात मोजायचे काही नसते. बोटांना कळले की झाले. अमरावतीत दुकाने धुंडाळली, टकळी मिळाली नाही. मग सेवाग्राम.

बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडली. चांदूर, धामणगाव, पुलगाव. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती आणि वेचणीला बायका उतरल्या होत्या, कमरेला ओटी बांधून. वऱ्हाडात जन्म गेला, आम्ही कापसाच्या भावावर चर्चा ऐकत वाढलो, पण बोंडातून धागा कसा होतो हे दोघींनी कधी पाहिले नव्हते. अम्मी खिडकीशी बसून दर स्टेशनला विचारत होती, "अब्बा को बोलके आए ना?" आम्ही दर वेळी हो म्हणालो.

वर्ध्याहून सेवाग्राम 8 किलोमीटर. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी इथे आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. 1940 मध्ये सेवाग्राम झाले. आवारात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवते ती सावली आणि नंतर बुटक्या छपरांची उंची. आदी निवास, बा कुटी, बापू कुटी: मातीच्या भिंती, बांबू, कौले, शेणाने सारवलेली जमीन. बापू कुटीच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीत उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा आहे. अम्मी चप्पल काढून आत गेली, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाली, "लिपाई अच्छी है." आमच्या मते आश्रमाला मिळालेला हा सर्वांत जाणता अभिप्राय असावा, तिने आयुष्यातली वीस वर्षे घर सारवले आहे.

आम्ही दोघींनी बी.एड. केले ते तीन वर्षांच्या अंतराने, पण एकाच नोट्सवरून. त्यात नई तालीमवर पाच गुणांचे उत्तर होते: 1937 ची वर्धा शिक्षण परिषद, डॉ. झाकीर हुसेन समिती, हस्तोद्योग केंद्रस्थानी. पाठ केले, लिहिले, विसरलो. जामियाचे झाकीर हुसेन, पुढे राष्ट्रपती झालेले, त्या समितीचे अध्यक्ष होते आणि ख्वाजा गुलामुस्सय्यदैन सदस्य होते. तिचे वेळापत्रक आता वाचताना चक्रावायला होते. शाळेचे साडेपाच तास, त्यातले 3 तास 20 मिनिटे हस्तोद्योगाला, मातृभाषेला 40 मिनिटे. मुलांच्या सुतातून शाळेचा खर्च निघावा ही गांधीजींची अपेक्षा होती. त्यावर तेव्हाच टीका झाली. मध्यप्रांत-वऱ्हाडात तर सरकारने आपल्या शाळा-योजनेला 'विद्यामंदिर' हे नाव दिल्याने मुसलमानांत मोठी नाराजी झाली होती. ते सगळे इथे उकरायचे नाही. शिक्षिका म्हणून एवढेच वाटते की मुलाच्या सुताचे वजन होऊ लागले की टकळीतली मजा गेली. अम्मीलाही गुरुजी धागा मोजायचे ते आठवते, आणि कमी भरला की उभे करायचे तेही. पण बोटांना जे कळले ते मात्र तिथेच कळले, हे नाकारून कसे चालेल?

एका ओसरीवर एक ताई कातत बसल्या होत्या, समोर पेटी चरखा. हा चरखा गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना घडवला, म्हणून त्याला येरवडा चरखा म्हणतात. मिटला की हातात धरून नेण्याजोगी पेटी, उघडला की एक मोठे चाक, एक लहान चाक आणि चाती. आपाने हौसेने चाक फिरवले. धागा तीनदा तुटला. आम्ही फिरवले, चारदा तुटला. उजव्या हाताने चाक आणि डाव्या हाताने पेळू, दोन्ही एका लयीत यावे लागतात. आमचे हात खडू आणि डस्टरला सरावलेले.

ताईंनी अम्मीला विचारले, "आजी, बघता का?" अम्मीने चरख्याकडे पाहून मान हलवली आणि त्यांच्या बाजूच्या डब्यातली टकळी उचलली. वीतभर लांब तार, खाली पितळी चकती, वर आकडा. तिने पेळूचे टोक आकड्याला गुंतवले, टकळीचे खालचे टोक जमिनीवरच्या वाटीत टेकवले आणि चिमटीत गरकन फिरवली. डावा हात वर गेला. पेळूतून धागा उतरू लागला, हात खांद्यापर्यंत गेला, थांबला, पीळ चढू दिला, मग धागा चकतीवर गुंडाळला. पुन्हा टोक आकड्यात. आम्ही घाईने मध्ये बोट घातले तर ओरडली, "अरे, पहले बल आने दो!"

धागा काही सुरेख नव्हता. कुठे सुतळीसारखा जाड, कुठे केसासारखा. दोनदा तुटला. तुटला की ती टोक कापसावर ठेवायची, टकळीला एक गिरकी द्यायची, आणि ते जुळून जायचे. काही उसवावे लागत नव्हते. ताई म्हणाल्या, कापसाचा तंतू आखूड, म्हणून त्याला पीळ जास्त लागतो. कमी पडला तर धागा तुटतो, जास्त झाला तर स्वतःभोवतीच गुंडाळतो. मधले माप पुस्तकात लिहून देता येत नाही.

पाऊण तास अम्मी तिथे बसली. त्या पाऊण तासात तिने अब्बांबद्दल एकदाही विचारले नाही. आपा पाठ वळवून उभी राहिली. आम्ही तिला हाक मारली नाही.

जोहरची वेळ झाली तेव्हा ताईंनीच चटई आणून दिली आणि किब्ला कोणत्या बाजूला म्हणून विचारले. आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेत सूरह फातिहा असते हे त्यांच्याकडून ऐकले. पतियाळ्याच्या पठाण घराण्यातल्या बीबी अमतुस्सलाम इथे आश्रमवासी होत्या, पुढे नोआखालीत दंगलीनंतर त्या उपोषणाला बसल्या, हेही आम्ही मुलांना कधी सांगितलेले नाही. यंदा सांगणार आहोत.

परतताना वर्ध्यात मगन संग्रहालय पाहिले. 1938 मध्ये सुरू झालेले, साबरमतीच्या मगनलाल गांधींच्या नावाचे. चरख्यांचे किती प्रकार! उभे, आडवे, पेटीचे आणि एकावेळी अनेक धागे काढणारा अंबर चरखाही. आपा प्रत्येकापाशी थांबत होती. अम्मी थकली होती, बाकावर बसून पिशवी छातीशी धरून होती. पिशवीत दोन टकळ्या आणि पेळूंची पुडकी होती, दुकानदाराने वर्तमानपत्रात बांधून दिलेली. तिने ती रेल्वेत आमच्या हाती दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विचारले, "अम्मी, काल कुठं गेलो होतो?" म्हणाली, "कहीं नहीं. घर पे ही थे." वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. पण असरनंतर ती पिशवी घेऊन अंगणात बसली आणि मगरिबच्या अजानपर्यंत टकळी फिरत राहिली.

आता रोजचे तसेच चालले आहे. आजार बरा झालेला नाही. परवा तिने आपाला शेजारीण समजून चहा विचारला. मात्र संध्याकाळची ती घालमेल, दाराशी जाऊन उभे राहणे, पुष्कळ कमी झाले आहे. आम्हीही दुसरी टकळी घेऊन बाजूला बसतो. दिवसभर 58 मुलांचा वर्ग, मग तपासायच्या वह्या, मग ऑनलाइन भरायची माहिती. या सगळ्यानंतर धागा वर जाताना पाहत बसण्यात जो आराम आहे तो आम्हाला चाळिशीपर्यंत कुणी सांगितला नव्हता. आमचा धागा अजून अम्मीपेक्षा जाड निघतो. ती तो बोटांनी चाचपते आणि काही न बोलता बाजूला ठेवते.

तिच्या सुताची टोपी विणायची आपाने ठरवले. एकेरी सूत क्रोशात ओढले की पीळ एका बाजूला खेचतो आणि टोपी तिरकी होते, हे अर्धी टोपी झाल्यावर कळले. मग दोन धागे उलट्या दिशेने एकत्र पिळून दुपदरी करायला शिकलो. दुपदरी केल्यावर महिन्याभराचे सूत अर्धे झाले. टोपी सध्या 48 खांबांपर्यंत आली आहे. अम्मी अधूनमधून ती हातात घेते, कडेवर बोट फिरवते आणि विचारते, "किसने बनाई? अच्छी है." पेळू संपत आले आहेत, नाताळच्या सुट्टीत पुन्हा वर्ध्याची गाडी धरायची आहे, आणि या वेळी खालाजाननीही एक टकळी मागवली आहे.